संगणकांतील पाण्याचा पंप आणि त्याची घरघर

रात्रीं घर शांत झालें म्हणजे एखादी बारीक घरघर कानावर येऊं लागते, आणि दिवसां ती कधीं ऐकूं आली नव्हती म्हणून ती नव्यानेंच सुरू झाली असें वाटतें. वास्तविक ती दिवसभर चालूच असते. रस्त्यावरील रहदारी, डोक्यावरील पंखा आणि स्वयंपाकघरांतील भांडीं ह्यांच्या गलबल्यांत ती बुडालेली असते, एवढेंच. पाण्यानें थंड होणारा संगणक ज्या घरांत असतो, त्या घरांत ही घरघर पुष्कळदां एका मुठीएवढ्या पंपाची असते. मुलगा मध्यरात्रीपर्यंत काम करीत बसतो आणि त्याच खोलींत आजी झोपते, अशा शहरांतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत हा आवाज क्षुल्लक राहत नाहीं. परंतु तो बंद करण्यासाठीं घाईनें जे उपाय केले जातात, त्यांतील कांहीं आवाजाऐवजीं यंत्राचाच शेवट करतात. म्हणून हा आवाज निघतो कोठें, मोठा होतो कोठें आणि तो कमी करतांना कशाला हात लावूं नये, ह्या तीन गोष्टी नीट समजून घेणें हिताचें आहे.

प्रथम पाण्याची गरज कां पडते तें पाहावें. इंटेल कंपनीनें २०२३ सालीं बाजारांत आणलेला कोअर आय-९ १४९००के हा प्रोसेसर पूर्ण भारावर २५३ वॅटपर्यंत वीज घेतो. एनव्हिडियाचें २०२२ सालचें आरटीएक्स ४०९० हें ग्राफिक्स कार्ड ४५० वॅटपर्यंत घेतें. ही वीज जवळजवळ सगळी उष्णतेच्या रूपानें बाहेर पडते. म्हणजे दोन्ही मिळून एका लहान इस्तरीइतकी उष्णता टेबलाशेजारच्या पेटींत निर्माण होते. ती फार लहानशा जागेंतून उचलून न्यावयाची असल्यामुळें हवेपेक्षां पाणी उपयोगी पडतें. ही कल्पना नवी नाहीं. आयबीएमनें १९६० नंतरच्या दशकांत आपल्या मोठ्या गणकयंत्रांसाठीं पाण्याचा उपयोग केला होता, आणि अ‍ॅपलनें २००४ सालीं पॉवर मॅक जी-५ ह्या टेबलावरील संगणकांतही द्रवानें थंड करण्याची योजना आणली होती.

ह्या योजनेची रचना सोपी आहे. प्रोसेसरवर तांब्याचा एक पोकळ ठोकळा घट्ट बसविलेला असतो. त्यांतून पाणी वाहतें, तापतें, नळीनें रेडिएटरमध्यें जातें, तेथें पंख्याच्या वाऱ्यानें निवतें आणि पुन्हां परत येतें. वाटेंत एक लहान टांकी असते. हें सर्व पाणी फिरतें ठेवणारा तो पंप. सुटे भाग आणून जे लोक आपला संच स्वतः जुळवितात, त्यांच्यांत जर्मनीच्या लाइंग कंपनीनें रचलेला ‘डी-५’ हा पंप फार प्रसिद्ध आहे. तो १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालतो आणि त्याची गति मिनिटाला सुमारें १८०० पासून ४८०० फेऱ्यांपर्यंत कमीजास्त करतां येते. त्याचें फिरतें चाक एका कठीण गोळीवर पाण्यांतच तरंगल्यासारखें फिरतें. त्या बेअरिंगला तेल असें नाहींच, पाणी हेंच त्याचें वंगण.

आतां आवाजाकडे वळावें. मिनिटाला ४८०० फेरे म्हणजे सेकंदाला ८० फेरे. चाक कितीही काळजीनें घडविलें तरी त्याचा तोल केसाइतका तरी ढळलेला असतो, आणि त्यामुळें पंप सेकंदाला ८० वेळां थरथरतो. ह्याशिवाय चाकाचें प्रत्येक पातें पाण्याला धक्का देत जातें. पातीं सहा असल्यास हे धक्के सेकंदाला ४८० होतात, आणि खालच्या खर्जापेक्षां ह्या स्वराला माणसाचा कान अधिक तिखट असतो. तरीसुद्धां पंप एकटा हातांत धरला तर त्याचा आवाज आश्चर्य वाटावें इतका अल्प असतो. मग खोलीभर पसरणारी घरघर येते कोठून?

ह्याचें उत्तर तंबोऱ्यांत आहे. तंबोऱ्याची तार नुसती दोन खुंट्यांना ताणून छेडली, तर तिचा आवाज हातभर अंतरावर देखील नीट पोंचणार नाहीं. तार बारीक असते. ती हवेला फारसें हलवूं शकत नाहीं. तीच तार घोडीवरून भोपळ्याच्या तबलीवर टेकली म्हणजे सगळी तबली कंप पावते आणि दिवाणखाना भरून जातो. संगणकाच्या पेटींत पंप हा तारेच्या जागीं आहे आणि पेटीचा पातळ पत्रा हा तबलीच्या जागीं. पंप पत्र्याला स्क्रूनें घट्ट आवळला कीं तंबोरा तयार झाला. तेव्हां आवाज कमी करणें म्हणजे पंपाचें तोंड दाबणें नव्हे, तर तार आणि तबली ह्यांची भेट तोडणें होय.

हें खरें कीं नाहीं, ह्याची परीक्षा पंप सुटा असल्यास घरच्या घरीं होते. पंप चालू असतां त्याचे स्क्रू काढावे आणि नळ्यांना ताण न देतां तो हातावर किंचित् उचलून धरावा. घरघर एकदम मावळली, तर दोष पंपाचा नसून त्याच्या बैठकीचा आहे. मावळली नाहीं, तर आवाज पंपाच्या पोटांतला आहे: आंत हवा तरी अडकली असेल किंवा बेअरिंग तरी झिजलें असेल. ही परीक्षा केल्यावांचून रबर आणि फोम विकत आणणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय.

दोष बैठकीचा ठरला, तर पंप आणि पत्रा ह्यांच्यामध्यें मऊ पदार्थ घालावा. मात्र तो किती मऊ, ह्याला हिशेब आहे. पंपाच्या वजनानें रबर १ मिलिमीटर दबलें, तर त्या बैठकीची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला सुमारें १६ येते. पंपाची थरथर ८० ची, म्हणजे पांचपट. अशा वेळीं गणितानें पाहतां मूळच्या थरथरीचा सुमारें चोविसावा भाग खालीं उतरतो. प्रत्यक्षांत नळ्या आणि विजेच्या तारा ह्यांतून आणखी कांहीं निसटतोच. उलट, रबर इतकें टणक निघालें कीं त्याची कंपनसंख्या पंपाच्या जवळ आली, तर थरथर घटण्याऐवजीं वाढते. पंपाची कंपनसंख्या बैठकीच्या सुमारें १.४ पटीहून अधिक असेल तरच लाभ, एरवीं नुकसान, असा हा नियम आहे. म्हणून जाड व कडक रबरापेक्षां सिलिकोनच्या मऊ गुटक्या किंवा फोमची गादी अधिक काम देते.

येथें एक चूक वारंवार घडते. रबर घातलें जातें, पण स्क्रू त्यांतून आरपार जाऊन पत्र्याला भिडतो, किंवा इतका आवळला जातो कीं रबर चपटें होऊन दगडासारखें बनतें. मग रबर असून नसल्यासारखें. धातूचा धातूला कोठेंही स्पर्श राहतां कामा नये, हें सूत्र ध्यानांत ठेवावें. नळ्यांचेंही तसेंच. कांचेसारख्या कडक नळ्या दिसावयास सुंदर असतात, परंतु त्या थरथर जशीच्या तशी पुढें नेतात. पंपाजवळचा तुकडा तरी मऊ नळीचा असावा, त्याला सैलसा बांक द्यावा, आणि तो पेटीच्या कांचेला किंवा कडेला टेकूं देऊं नये.

दुसरा उपाय गतीचा. आणि सर्वांत स्वस्त तोच. तोलाच्या दोषामुळें होणारा धक्का गतीच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलतो. गति ४८०० वरून २४०० वर आणली, तर धक्का चौथाईवर येतो. गति घटली म्हणजे संगणक तापेल, ही भीति पुष्कळांस असते, आणि म्हणूनच पंप विनाकारण पूर्ण वेगानें पळविला जातो. ह्या भीतीचाही हिशेब करून पाहावा. समजा, ३०० वॅट उष्णता वाहून न्यावयाची आहे. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर एका फेरींत तें सुमारें १ अंश सेल्सिअसनें तापतें. २ लिटर फिरलें तर सुमारें २ अंशांनीं. प्रवाह निम्मा झाला आणि फरक पडला तो एका अंशाचा. तांब्याच्या ठोकळ्यांतून उष्णता उचलण्याचें कामही थोडें मंदावतें, पण तेंही फार नाहीं. पाण्याचें उष्णतामान मुख्यतः रेडिएटरचें क्षेत्र, त्यावरील वारा आणि खोलींतील हवा ह्यांवर ठरतें; चैत्र-वैशाखांत खोलीच तापली असेल, तर पंप पळवून पाणी खोलीपेक्षां थंड होणार नाहीं.

अर्थात् गति कोठवर उतरवावी ह्याला सीमा आहे. मिनिटाला १ लिटरवर आल्यास तीच ३०० वॅट उष्णता पाण्याला एका फेरींत ४ अंशांहून अधिक तापविते. तेथून पुढें मात्र नुकसान झपाट्यानें वाढत जातें. म्हणून गति एकेक पायरीनें कमी करावी, प्रत्येक पायरीवर संगणकाला अर्धा तास भारी काम द्यावें आणि प्रोसेसरचें उष्णतामान पाहावें. तें दोनचार अंशांहून अधिक चढलें तर एक पायरी मागें यावें. जे संच कारखान्यांतून पाणी भरून बंद करूनच येतात, त्यांत पंपाच्या गतीसंबंधीं बनविणाराची सूचना असते. तिच्याखालीं जाऊं नये.

गति बदलतांना कधीं कधीं असें आढळतें कीं एका विशिष्ट गतीवर पेटी एकदम गुणगुणूं लागते, आणि गति थोडी वर किंवा खालीं केली कीं गप्प होते. हा अनुनाद होय. पत्र्याच्या स्वतःच्या कंपनसंख्येशीं पंपाची कंपनसंख्या जुळली, एवढाच त्याचा अर्थ. ती गति टाळावी, किंवा त्या पत्र्याच्या आंतल्या बाजूस जड चिकटपट्टी लावावी. तसेंच दोन पंप असतील आणि एक सेकंदाला ५० व दुसरा ५१ फेरे घेत असेल, तर दर सेकंदाला एक अशी आवाजाची लाट उठते. स्वरांत न लागलेले दोन तंबोरे एकत्र छेडले म्हणजे अशीच लाट ऐकूं येते. दोन्ही पंपांना बरोबर एकाच गतीवर ठेवणें किंवा त्यांच्यांत भरपूर अंतर ठेवणें, हाच तिच्यावर इलाज.

परीक्षेंत दोष पंपाच्या पोटांत आढळला, तर प्रथम हवेचा संशय घ्यावा. खळखळ, गुरगुर किंवा वाळू घांसल्यासारखा आवाज ही तिची खूण. नवीन भरलेल्या संचांत बुडबुडे कोपऱ्यांत दडून बसतात. संगणकाच्या इतर भागांना वीज न देतां नुसता पंप चालवावा, पेटी हळूहळू चारी बाजूंनीं कलती करावी आणि टांकीची पातळी उतरेल तसतसें पाणी भरीत जावें. हें काम कांहीं तासांचें असतें. घाई करून उपयोग नाहीं. टांकींत परत येणारी धार पाण्याच्या पातळीखालीं पडेल अशी ठेवावी, नाहींतर ती स्वतःच हवा मिसळीत राहते. बंद संचांत पंप बहुधा प्रोसेसरवरील ठोकळ्यांतच असतो. तेथें रेडिएटरचा वरचा कांठ पंपाहून उंच राहील अशी मांडणी करावी. हवा नेहमीं सर्वांत उंच जागीं जमते, आणि ती जागा पंप असतां कामा नये. नळ्यांच्या भिंतींतून पाणी वर्षानुवर्षें अगदीं सूक्ष्म प्रमाणांत उडून जातें. त्यामुळें तीनचार वर्षें मुकाट्यानें चाललेला बंद संच एके दिवशीं गुरगुरूं लागला, तर आंत पाणी घटलें असा तो निरोप समजावा.

आणि येथेंच सर्वांत महत्त्वाची गोष्ट येते. पंपाला चिंध्यांत किंवा फोममध्यें चोहोंकडून गुंडाळून टाकल्यास आवाज कमी होतो, हें खरें. पण कांहीं पंपांची विजेची बाजू हवेनेंच थंड होत असल्यामुळें असा पंप आंतल्या आंत भाजून निघतो. आवाज असह्य झाला म्हणून पंपाची तार काढून ठेवणें, किंवा टांकी रिकामी असतां ‘नुसता चालतो का पाहूं’ म्हणून तो चालविणें, हें तर त्याहून वाईट. पाणी हेंच ज्याचें वंगण, तें बेअरिंग कोरडें फिरलें कीं थोड्याच अवधींत खराब होतें. पंप थांबला तर प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास स्वतःचा वेग तोडतो व शेवटीं संगणक बंद पडतो. यंत्र बहुधा वांचतें, पण न जतन केलेलें काम वांचत नाहीं. म्हणून पंप थांबल्यास सूचना देण्याची जी सोय संगणकांत असते, ती चालू करून मगच आवाज कमी करण्याच्या उद्योगाला लागावें.

कारण पंपाची घरघर ही जशी कटकट आहे, तशीच ती बातमीही आहे. पत्र्यानें मोठा केलेला आवाज निःशंकपणें तोडावा. त्यांत यंत्राचें कांहींच जात नाहीं. परंतु ज्या आवाजाची जात बदलली, जो काल गुणगुणत होता आणि आज खरखरूं लागला, त्याचें कारण शोधल्यावांचून तो झांकूं नये. सारें नीट जुळलें म्हणजे पंपाचा सूर इतका हलका होतो कीं तो ऐकण्यासाठीं पेटीला कान लावावा लागतो. महिन्यांतून एकदां तसा तो मुद्दाम लावून पाहणें, हीच ह्या यंत्राची निगा.