‘तांत्रिक ऋण’ : एका लाक्षणिक प्रयोगाचा विचार

संगणकाची आज्ञावली रचणारा व्यावसायिक आणि ती विकणारी व्यापारी संस्था ह्यांच्यातील मतभेद हा वरवर पाहता व्यवस्थापनशास्त्राचा विषय होय. परंतु ह्या वादात उभयपक्षी वापरली जाणारी भाषा अर्थविचाराच्या अभ्यासकासही उद्बोधक वाटेल. आज्ञावलीकार आपल्या रचनेस ‘स्वच्छ’, ‘सुबोध’ अशी विशेषणे लावतो. व्यवस्थापक ‘मुदत’, ‘खर्च’, ‘ग्राहक’ ह्या नामांनी बोलतो. पहिल्याची विशेषणे दुसऱ्याच्या हिशेबात मांडता येत नाहीत. त्यामुळे पुष्कळदा कारागिराचा रास्त आक्षेपही केवळ हौस म्हणून बाजूस सारला जातो.

ही अडचण दूर करणारे एक रूपक अमेरिकन आज्ञावलीकार वॉर्ड कनिंगहॅम ह्यांनी १९९२ साली योजिले. ते त्या वेळी गुंतवणुकीच्या व्यवस्थापनासाठी ‘वायकॅश’ नावाची प्रणाली रचीत होते. वरिष्ठांचा व्यवहार पैशाचा. म्हणून त्यांनी पैशाचीच भाषा घेतली. प्रथम लिहिलेली आज्ञावली ग्राहकाच्या हाती देणे म्हणजे कर्ज काढणे होय. थोड्या कर्जाने कामास वेग येतो. मात्र पुनर्लेखनाने ते लवकर फेडले पाहिजे. न फेडल्यास सदोष रचनेपायी पुढे खर्ची पडणारा वेळ हेच त्याचे व्याज.

मम्मटाने लक्षणेची तीन अंगे सांगितली आहेत : मुख्यार्थाचा बाध, मुख्यार्थाशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन ह्यांपैकी एक. कनिंगहॅम ह्यांचा प्रयोग उघडच प्रयोजनवती लक्षणेचा आहे. पुढे मात्र तो रूढ झाला. ‘कुशल’ ह्या शब्दातील कुश आज कोणास आठवत नाही. तद्वत ‘तांत्रिक ऋण’ म्हणताना मुद्दल, व्याज आणि परतफेड ह्यांचा विसर पडू लागला. घाईत केलेल्या कोणत्याही निकृष्ट कामास ते नाव मिळू लागले. आपण वाईट लेखनाचा पुरस्कार कधीच केला नव्हता, त्या क्षणीचे आकलन अपुरे असले तरी आज्ञावलीत ते प्रामाणिकपणे उतरावे एवढेच आपले म्हणणे होते, असा खुलासा कनिंगहॅम ह्यांना २००९ साली करावा लागला.

रूपक रूढ झाले म्हणजे त्यातील वैधर्म्य झाकले जाते. सावकारी कर्जास खत असते, रक्कम ठरलेली असते, घेणारा सही करतो. येथे मुदत ठरविणारा एक, तडजोड करणारा दुसरा, आणि फेडणारा बहुधा तिसराच. वर्षाचे शेवटचे दोनच अंक नोंदविण्याची पद्धत हे ह्याचे ठळक उदाहरण. संगणकाची स्मृती महाग होती त्या काळी ही काटकसर सयुक्तिक होती. पण इ. स. २००० जवळ येताच तिचा हिशेब चुकविण्याचे काम ज्यांच्याकडे आले त्यांत मुंबई-पुण्याचे अभियंतेही होते. मूळ निर्णयात त्यांचा काहीच वाटा नव्हता.

ह्या दृष्टीने मराठीतील दोन शब्दांचा भेद उपयोगी पडेल. ‘कर्ज’ मनुष्य स्वतः काढतो. ‘ऋण’ मात्र, देवऋण वा पितृऋण ह्यांप्रमाणे, जन्मतःच माथी येते. कनिंगहॅम ह्यांनी सांगितले ते कर्ज होते. नंतर येणाऱ्या आज्ञावलीकाराच्या वाट्यास येते ते ऋण. मुदतीचा आग्रह धरणारा व्यापारी चूक असतोच असे नाही, कारण निर्दोष पण उशिरा आलेली प्रणाली ग्राहकाच्या उपयोगी पडत नाही. परंतु कर्ज काढावयाचे की नाही हे ठरण्यापूर्वी त्याची रक्कम सांगणे आणि ते कोणाच्या माथी बसणार हे उघड करणे, हे ज्यास आज्ञावली वाचता येते त्याचेच काम आहे. व्यवसायनिष्ठेचा अभिमान म्हणतात तो येथे सौंदर्यदृष्टीपेक्षा साक्षीदाराच्या कर्तव्याशी अधिक जवळचा ठरतो. म्हणूनच पारिभाषिक संज्ञा म्हणून ‘ऋण’ स्वीकारताना ‘कर्ज’ हा शब्दही अभ्यासकांनी हाताशी ठेवावा, असे सुचवावेसे वाटते.