मार्कची शेवटची बारा वचनं

संशयवादी म्हणून बायबल वाचायचं तर आपण सुरुवात कुठून करायची? मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट घेऊ. सोळाव्या अध्यायात स्त्रियांना येशूची कबर रिकामी दिसते. त्या घाबरून पळतात, कोणाला काही सांगत नाहीत. चौथ्या शतकातल्या सायनाय आणि व्हॅटिकन या हस्तलिखितांत ग्रंथ इथेच, आठव्या वचनावर संपतो. पुढची बारा वचनं नंतर जोडली गेली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

त्यानं काय बिघडलं? श्रद्धावंत साप हाती धरतील, असं या बारांतलंच एक वचन सांगतं. अमेरिकेत अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातल्या काही चर्चमध्ये ते शब्दशः घेऊन विषारी साप धरतात. ही प्रथा पसरवणारे जॉर्ज हेन्स्ली १९५५ साली सर्पदंशानेच गेले.

मग पुनरुत्थान खोटं ठरलं का? नाही. येशूच्या दर्शनांचा उल्लेख पौलाच्या पत्रात मार्कच्याही आधी येतो. आपण एवढंच म्हणू शकतो : लिहिलंय म्हणून खरं, इतकं पुरत नाही. कोणी, केव्हा लिहिलं, हे आधी विचारायचं. आणि हे विचारणाऱ्यांत श्रद्धाळू ख्रिस्ती अभ्यासकही आहेत, हे आपण संशयवाद्यांनी विसरू नये.