सी शिकतांना कंपायलर कोणता घ्यावा?



महाडाहून माणगांवच्या वाटेनें निघालें कीं लोणेरे लागतें. तेथें १९८९ सालीं स्थापन झालेलें डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. अभियांत्रिकीकडे वळलेल्या मुलास आरंभीं बहुधा सी ही भाषा भेटते. आणि मग महाड-पोलादपुरांतील पालक विचारतात, घरच्या संगणकावर काय बसवून घ्यावें?

येथें दोन वस्तूंची गल्लत होते. एडिटर ही लिहिण्याची पाटी. कंपायलर हा त्या लिखाणाचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करणारा दुभाषी. पाटी कोणतीही चालेल. दुभाषी मात्र पारखून घ्यावा.

आपल्याकडील पुष्कळ महाविद्यालयांनीं वर्षानुवर्षें टर्बो सी वापरला. बोर्लंड कंपनीनें तो १९८७ सालीं काढला. त्याच्या निळ्या पडद्यावर पाटी व दुभाषी एकत्रच नांदत, म्हणूनच ही गल्लत रुळली असावी. त्याचा 'इंट' १६ बिटांचा. ३२,७६७ पलीकडे त्याची धांव नाहीं. गांवकीची वर्गणी घ्या. घरें २००, दर घरीं रुपये २००. हे दोन आंकडे 'इंट'मध्यें ठेवून गुणले, तर टर्बो सी निमूटपणें उणे २५,५३६ दाखवितो! बिचारा मुलगा आपलीच रीत चुकली असें समजून रात्र रात्र जागतो. शिवाय ६४ बिटांच्या विंडोजवर हा कंपायलर डॉसबॉक्सचा टेकू दिल्यावांचून उभाही राहत नाहीं.

माझ्या मतें जीसीसी घ्यावा. रिचर्ड स्टॉलमन यांनीं तोही १९८७ सालींच प्रसिद्ध केला. परंतु त्याची सुधारणा अद्याप चालू आहे, आणि तो विनामूल्य मिळतो. आजच्या नेहमींच्या संगणकावर तो वरील वर्गणी बरोबर ४०,००० सांगतो. त्यास आज्ञा देतांना 'डॅश वॉल' एवढें जोडावें, म्हणजे 'स्कॅनएफ'मध्यें अँपरसँड विसरल्यासारख्या चुका तो आधींच दाखवितो. नवशिक्यास असा खडूस दुभाषीच बरा.

पाटी म्हणून जुन्या संगणकावर जीनी हलका पडतो. व्हीएस कोड देखणा खरा, पण त्याच्याबरोबर सीचा कंपायलर येत नाहीं. तो निराळा बसवावा लागतो. कोड ब्लॉक्सचा मिनजीडब्ल्यूसह मिळणारा संच घेतल्यास विंडोजवर दोन्ही एकदमच येतात. डोंगरांतील वाडीवर पावसाळ्यांत इंटरनेटचा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून हा संच महाडास असतांनाच उतरवून ठेवावा. पुढें त्यास इंटरनेट लागत नाहीं.

महाविद्यालयांत अजून टर्बो सीच असेल, तर तेथें 'व्हॉइड मेन' व 'क्लिअर स्क्रीन' खुशाल लिहावें. घरीं मात्र 'इंट मेन' लिहावें आणि 'कोनिओ'ची ओळ गाळावी.