शिंग कापल्यावरची पेंड

तळेऱ्याहून वैभववाडीकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा गोठा. डॉक्टरांनी बैलाच्या उजव्या शिंगावर बोटानं टिचकी मारली, तशी त्यानं मान झटकली. शिंग मुळाशी कललेलं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्ताळ पाणी. शिंगाचा कर्करोग. तो शिंगाच्या पोकळीच्या अस्तरात सुरू होतो आणि साधारण 5 ते 10 वर्षांच्या, खच्ची केलेल्या कामाच्या बैलांत जास्त आढळतो.

डोळ्याच्या कडेपासून शिंगाकडे जाणाऱ्या नसेपाशी भुलीचं इंजेक्शन दिलं. मुळाभोवतीची कातडी सोडवली आणि तारेच्या करवतीनं शिंग कापलं. आतून फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ निघाली. उघड्या पोकळीवर कातडी ओढून टाके पडले.

मालकांनी विचारलं, "डाक्टरांनू, पेंड घातलंय तर गाठ परत वाढतली काय हो?"

पेंडीत प्रथिनं भरपूर, तेव्हा शंका अगदीच पोकळ नव्हती. हैदराबादच्या, पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झालेल्या प्रयोगशाळेतल्या माधवन आणि गोपालन यांनी 1968 मध्ये अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष दिलेल्या उंदरांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आहारात 20 टक्के केसीन, म्हणजे दुधातलं प्रथिन, असलेल्यांत यकृताच्या गाठी दिसल्या, 5 टक्केवाल्यांत नाहीत. पण त्याच विषानं यकृताला होणारी तत्काळ इजा प्रथिनं कमी मिळालेल्या उंदरांत जास्त होती. 1973 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गुड आणि सहकाऱ्यांना उंदरांत आणखी एक गोष्ट आढळली. प्रथिनं माफक कमी केली, की गाठीला पेशींच्या हल्ल्यापासून वाचवणारी प्रतिपिंडं घटत. गाठीवर चालून जाणाऱ्या पेशींचं बळ मात्र टिकून राही. उपासमार तीव्र झाली, की तेही ढासळे.

हा बैल मात्र आधीच भाताच्या पेंढ्यावर जगत होता. पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. बैलाच्या पहिल्या पोटातल्या जिवाणूंना नीट काम करायला आहारात सुमारे 7 टक्के लागतात. त्याखाली पेंढाही धड पचत नाही. जखम भरायला आणि रोगाशी झुंजणाऱ्या पेशी घडायला अमिनो आम्लं हवीत. चाऱ्यातून मिळाली नाहीत, तर शरीर ती स्वतःच्या मांसातून काढतं. मागच्या पुठ्ठ्यावरचे खळगे तेच सांगत होते.

"पेंड घाला," डॉक्टर म्हणाले, "पण थोडी थोडी वाढवत." एकदम जास्त पडली, तर पोटात अमोनिया साचून रक्तात उतरतो.

मग त्यांनी कोपऱ्यातलं शेंगदाणा पेंडीचं पोतं उघडलं. जमिनीला टेकलेल्या बाजूला ढेपा हिरवट पडलेल्या, वास कुबट. कोकणच्या पावसात पेंडीला अशी बुरशी सहज धरते. तिच्यातल्या काही जाती अफ्लाटॉक्सिन तयार करतात. ते यकृत बिघडवतं, प्रतिकारशक्तीही दाबतं आणि आंबोण शिजवलं तरी जात नाही. वरची चांगली दिसणारी पेंड वेगळी काढू म्हणून मालकांनी हात घातला, डॉक्टरांनी अडवलं. विष ढेपेच्या रंगावरून ओळखता येत नाही.

पोतं अर्धं भरलेलं होतं. मालकांनी पैशांचा हिशेब करत ते बाहेर ओढलं आणि नव्या पोत्यासाठी भिंतीपासून हातभर अंतरावर फळी टाकली.