रक्त गाळणारी जोडी

मुलांनो, छातीवर हात ठेवला की हृदयाचे ठोके कळतात. खोल श्वास घेतला की फुप्फुसे फुगलेली जाणवतात. भूक लागली की पोटात गुरगुरते. परंतु आपल्या शरीरात दोन अवयव असे आहेत, की ते रात्रंदिवस काम करतात आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. ते अवयव म्हणजे आपली मूत्रपिंडे.

पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या थोडे वर, एकेक मूत्रपिंड असते. त्याचा आकार राजम्याच्या दाण्यासारखा असतो. मोठ्या माणसाचे मूत्रपिंड साधारण त्याच्या मुठीएवढे असते. उजव्या बाजूला वर यकृत असते. त्याला बरीच जागा लागते. म्हणून उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा जरा खाली असते.

मूत्रपिंडे रक्त गाळतात. रक्त कशाला गाळायचे? आपण डाळ, मासे, अंडी खातो. त्यांतून आपल्याला प्रथिने मिळतात. शरीराने प्रथिने वापरली की थोडा कचरा मागे उरतो. यकृत त्याचा युरिया नावाचा पदार्थ बनवते. युरिया रक्तात साठत गेला तर माणूस आजारी पडतो. म्हणून तो बाहेर टाकावा लागतो.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. मोठ्या माणसाच्या शरीरात रक्त असते सुमारे ५ लिटर. तेच रक्त या गाळण्यांकडे पुन्हा पुन्हा येते. दिवसभरात त्यातून सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते! एवढे पाणी बाहेर गेले तर आपण जगू कसे? पण मूत्रपिंडे हुशार आहेत. गाळलेल्या पाण्यातील साखर, लागेल तेवढे मीठ आणि बहुतेक सर्व पाणी ती रक्ताला परत देतात. उरते फक्त दीड लिटर. तीच लघवी.

लघवीचे नाव काढले की वर्गात काही मुले हसतात. हसू द्या. पण लघवीचा रंग पाहून बरेच काही कळते. जुन्या लाल रक्तपेशी मोडतात, त्यातून हा पिवळा रंग तयार होतो. जानेवारीच्या उन्हात फुटबॉल खेळलात की घाम येतो. शरीरातील पाणी कमी होते. मग मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि लघवी थोडी व गडद पिवळी होते. अशा वेळी पाणी प्यावे.

मूत्रपिंडे बिघडू लागली तरी सुरुवातीला बहुधा दुखत नाही. आपल्या मॉरिशसमध्ये मधुमेहाचे रुग्ण पुष्कळ आहेत. रक्तात वर्षानुवर्षे साखर जास्त राहिली तर मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर डॉक्टर त्यांची लघवीसुद्धा तपासतात, ते याचसाठी.

दोन्ही मूत्रपिंडे बंद पडली, तर यंत्राने रक्त गाळावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. बहुतेक रुग्णांना त्यासाठी आठवड्यातून तीन वेळा दवाखान्यात जावे लागते आणि प्रत्येक वेळी सुमारे चार तास यंत्राजवळ थांबावे लागते. नेदरलँड्समधील डॉक्टर विलेम कोल्फ यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे यंत्र बनवले. गाळणीसाठी त्यांनी सॉसेजवर चढवतात तसली पातळ सेलोफेनची नळी वापरली होती. १९४५ साली त्या यंत्रामुळे एका बाईचा जीव वाचला.

दुसरा उपाय म्हणजे निरोगी माणसाचे एक मूत्रपिंड रुग्णाला बसवणे. अमेरिकेतील बोस्टन शहरात २३ डिसेंबर १९५४ रोजी हे प्रथम यशस्वी झाले. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे जुळे भाऊ होते. रिचर्डची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा रोनाल्डने त्याला आपले एक मूत्रपिंड दिले. भावाच्या त्या मूत्रपिंडावर रिचर्ड आठ वर्षे जगला. रोनाल्ड पुढे गणिताचे शिक्षक झाले. उरलेल्या एकाच मूत्रपिंडाने त्यांचे रक्त २०१० सालापर्यंत, म्हणजे ५६ वर्षे गाळले.