व्हिपेट आणि लर्चर : शिकारीची ओढ ओळखताना

चिंधीमागे धावणारी कुत्री

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या उत्तर भागातल्या कोळसाखाणींच्या वस्त्यांत, डरहॅम, यॉर्कशायर, लँकेशायरकडे, व्हिपेट जातीच्या कुत्र्यांच्या शर्यती ही कामगारांची आवडती करमणूक होती. साधारण २०० यार्डांची सरळ पट्टी. एका टोकाला कुत्री धरून उभी असलेली माणसं, दुसऱ्या टोकाला मालक. मालकाच्या हातात जुन्या टॉवेलची नाहीतर शर्टाची चिंधी. ती तो गरगर फिरवत ओरडत राही. इशारा झाला की धरणारा माणूस कुत्र्याला मानेच्या कातडीला आणि शेपटीच्या मुळाशी पकडून चक्क पुढे भिरकावून देई. कुत्रा पाय टेकताच धावत सुटे आणि चिंधीला दात रोवून लोंबकळे. हलक्या कुत्र्याला थोडं पुढून सोडायचं, असा वजनाचा हिशेबही असे. घोडा पाळणं ज्यांच्या आवाक्यात नव्हतं, त्यांचा हा शर्यतीचा घोडा.

या शर्यतीत ससा नव्हता, मांस नव्हतं. पोट भरलेलं असो वा रिकामं, कुत्रा हलणाऱ्या फडक्यासाठी जिवाच्या आकांताने धावे. व्हिपेटचा स्वभाव समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी. त्याला भूक पळवत नाही. समोर काहीतरी पळतंय, हे त्याला पुरतं.

ओढ म्हणजे राग नव्हे

कुत्रा मांजराच्या मागे लागला की शेजारीपाजारी म्हणतात, ‘फार रागीट आहे हो तुमचा.’ हा गैरसमज आधी दूर व्हायला हवा. रागावलेला किंवा घाबरलेला कुत्रा पाठीवरचे केस फुलवतो, गुरगुरतो. समोरच्याने लांब जावं एवढंच त्याला हवं असतं. शिकारीच्या ओढीत असलेला कुत्रा गप्प असतो, आणि समोरच्याने लांब जाऊ नये म्हणूनच त्याची सगळी धडपड चाललेली असते.

मेंदूतही या दोन वाटा वेगळ्या आहेत. वासमन आणि फ्लिन यांनी १९६२ मध्ये मांजरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसचा एक भाग विजेने चेतवला की मांजर फिस्कारत अंगावर जाई. दुसरा चेतवला की चकार आवाज न करता उंदरावर झडप घाली. त्यामुळे ससा मारणारा व्हिपेट उद्या मुलांना चावेल, ही भीती निराधार आहे. अनोळखी माणसांशीही सहसा गोडीने वागणाऱ्या जातींत व्हिपेटची गणना होते.

कुत्र्यांच्या वर्तनाचे अभ्यासक रे आणि लॉर्ना कॉपिंजर यांनी शिकारीची एक साखळी मांडली आहे : हेरणं, नजर रोखणं, दबकत सरकणं, पाठलाग, पकडणं, चावून मारणं, फाडणं, खाणं. माणसाने वेगवेगळ्या कामांसाठी कुत्री निपजवताना या साखळीतल्या काही कड्या मोठ्या केल्या, काही दाबल्या. मेंढ्या वळवणाऱ्या बॉर्डर कोलीत नजर रोखणं आणि दबकणं ठळक झालं, चावा मागे पडला. व्हिपेटमध्ये पाठलाग आणि पकड या दोन कड्या इतक्या फुगल्या की बाकीच्या त्यांच्या सावलीत गेल्या.

डोळा आणि पाय

व्हिपेट वासावर नव्हे, नजरेवर धावतो. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर दृष्टीच्या पेशींचा आडवा दाट पट्टा असतो. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांत तो फारसा नसतो. क्षितिजाच्या रेषेत कुठे काही हललं की या पट्ट्यामुळे ते चटकन टिपलं जातं.

मैदानात त्याच्याकडे नीट पाहा. इतका वेळ रेंगाळत चालणारा कुत्रा थबकतो. कानांची मुळं वर येतात, मान ताठ होते, एक पुढचा पाय उचललेला तसाच राहतो. दोरी हातात असेल तर ती थरथरताना कळते, कारण त्याच्या मांड्या थरथरत असतात. तुम्हाला अजून काहीच दिसलेलं नसतं. त्याला हाकेने किंवा खाऊने वळवायचं असेल तर तेवढाच क्षण हातात असतो. एकदा तो सुटला की हाक त्याच्या कानावर पडते, पण तिला किंमत उरत नाही.

व्हिपेटचा वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. रस्ता २०० मीटर लांब आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या मालकाच्या हाती जेमतेम तेरा-चौदा सेकंद असतात. या धावण्यात प्रत्येक झेपेत चारही पाय दोनदा जमिनीवरून सुटतात : एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा पोटाशी आवळलेलं असताना.

वेगासाठी चाललेली ही निवड किती खोलवर गेली आहे, ते २००७ मध्ये उघड झालं. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणाऱ्या मायोस्टॅटिन या जनुकातला एक बदल काही व्हिपेटमध्ये सापडला. बदललेली एक प्रत असलेली कुत्री शर्यतीत अधिक वेगवान निघतात. आई आणि बाप दोघांकडून ती प्रत आली तर पैलवानासारखं बेढब स्नायूंचं पिल्लू जन्मतं. जनुक हा शब्दही माहीत नसलेल्या माणसांनी केवळ घड्याळ लावून ही निवड केली होती.

घरात मात्र हाच कुत्रा दिवसाचा बराच वेळ पांघरुणात तोंड खुपसून झोपतो. भुंकणं कमी, अंगावर चरबी नाही, कातडी पातळ, थंडी सोसत नाही. आवाज चढवून शिकवायला गेलात तर तो कोमेजतो.

संकर : दुसरं रक्त कोणाचं?

व्हिपेट किंवा ग्रेहाउंडसारख्या नजरेवर धावणाऱ्या कुत्र्याचा टेरियर वा मेंढवळ्या कुत्र्याशी संकर केला की इंग्लंडात त्याला लर्चर म्हणतात. नजरेवर धावणाऱ्या दोन जातींचा आपसातला संकर असेल तर तो लाँगडॉग. लर्चर ही जात नाही, ते एक काम आहे. चोरून शिकार करणाऱ्यांचा कुत्रा म्हणून त्याची ख्याती, त्यामुळे न भुंकणं हा त्याचा मोठा गुण मानला गेला.

बेडलिंग्टन टेरियर आणि व्हिपेट ही जुनी आवडती जोडी. टेरियरकडून राठ केस, काटेरी झुडपात घुसण्याची जिद्द आणि माती उकरायची खोड येते. त्याबरोबर साखळीतली ‘चावून मारणं’ ही कडीही पुन्हा जोर धरते, हे पाळणाऱ्याने विसरू नये. कोलीचं रक्त आलं तर कुत्रा माणसाकडे वळून पाहतो, सांगितलेलं ऐकतो. पण डोकं चालवायला काम मिळालं नाही तर सायकली आणि मुलं हाकायला लागतो. सालुकी या नजरेवर धावणाऱ्याच दुसऱ्या जातीचं रक्त दम देतं, आणि हाकेला न येण्याची सवयही. पिल्लात सगळं निम्मं निम्मं वाटून येत नाही. एकाच वेतातलं एक पिल्लू व्हिपेटसारखं वागतं, दुसरं टेरियरसारखं.

अपवाद शिकवता येतो

ही ओढ शिक्षा करून पुसता येत नाही. शॉक देणारे पट्टे वापरून ती मारायला निघालेली माणसं बहुतेक वेळा भेदरलेलं कुत्रं घेऊन परततात. पण ओढीला अपवाद शिकवता येतो, आणि याचा उत्तम दाखला लर्चरच्याच कामात आहे.

इंग्लंडात ससे पकडायला फेरेट वापरतात. हा मुंगसासारखा लांबट, लहान, पाळीव प्राणी. सशाच्या बिळांवर जाळी टाकून तो आत सोडतात. व्हिपेट-संकर कुत्रा वर उभा राहतो. कोणत्या बिळात ससे आहेत ते तोच आधी दाखवतो. मग जमिनीखाली खसखस सुरू होते आणि भोकातून काहीतरी भुर्रकन बाहेर येतं. ससा असेल तर झेप घ्यायची, फेरेट असेल तर हलायचं नाही. हलणारं सगळं पकडू पाहणारा हा कुत्रा त्या एका लहान प्राण्याला कधीच तोंड लावत नाही, कारण पिल्लू असल्यापासून तो त्याच्यासोबत वाढलेला असतो.

घरातल्या मांजराचंही तसंच होतं. मात्र या अपवादाला हद्द असते. सोफ्यावर ज्या मांजराला चिकटून व्हिपेट झोपतो, तेच मांजर अंगणात उधळलं तर तो अपवाद टिकेलच असं नाही. आणि शेजारचं मांजर तर त्या अपवादात मुळातच नसतं.

कायदा आणि आपली कारवानी

मराठीत ‘ससा’ या एका शब्दात दोन प्राणी येतात. इंग्लंडचा कायदा त्यांच्यात फरक करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये १८ फेब्रुवारी २००५ पासून कुत्र्यांकरवी माळावरच्या सशाची शिकार बंद आहे. बिळात राहणाऱ्या सशाची शिकार जमीनमालकाच्या परवानगीने करता येते.

आपल्याकडे लातूर-सोलापूरच्या बाजूला आणि कर्नाटकात मुधोळला याच बांध्याची कारवानी कुत्री आहेत. मुधोळ हाउंड हे नाव २००५ मध्ये टपाल तिकिटावरही आलं. व्हिपेटहून ती बरीच उंच आणि परक्या माणसापासून अंतर राखणारी, पण पळत्या वस्तूपुढे दोघांचं वागणं एकच. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत पाठलागही येतो. माळावरच्या सशामागे कुत्रा सोडणं ही मर्दुमकी नाही, तो गुन्हा आहे.

पाळणाऱ्यांना

धावणं हा या कुत्र्याचा हक्क आहे. तो त्याला सुरक्षित जागी मिळू द्या. बंद मैदानात काठीला दोरी आणि दोरीला फडकं बांधून फिरवा. दहा मिनिटांत तो आनंदाने धापा टाकेल. पिल्लू असताना कोंबड्या, शेळ्या, मांजरं रोज शांतपणे दाखवा. गळपट्टा याच्या अरुंद डोक्यावरून सहज निसटतो, म्हणून रुंद पट्टा किंवा छातीपट्टा घ्या. संकर असेल तर आई-बाप दोघांची चौकशी करा, आणि कोलीचं रक्त असल्याची शंका असली तर गोचिडांवरचं आयव्हरमेक्टिन देण्यापूर्वी पशुवैद्याला ते सांगा; कोलीवंशाच्या अनेक कुत्र्यांना ते औषध जास्त मात्रेत जिवावर बेततं. आणि भिंत किंवा कुंपण नसलेल्या जागी, तो कितीही शहाणा असो, दोरी सोडू नका.