चतुराची बैठक

ऑक्टोबरात भात पिवळं पडू लागलं की मावळातल्या बांधांवर पहाटे चालताना पँट गुडघ्यापर्यंत भिजते. मी त्या दवासाठीच जातो. साडेसहाला गवताच्या पात्याला लटकलेला चतुर आपल्याला अगदी वीतभर अंतरावर येऊ देतो. तो माणसाळलेला नसतो, गारठलेला असतो. छातीतले उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय त्याला झेप घेता येत नाही. थोड्या वेळाने पंख थरथरू लागतात. आपल्याला वाटतं घाबरला. तो अंग तापवत असतो. मग ऊन येतं आणि स्वारी पसार.

म्हणजे फोटोसाठी हाताशी अर्धा-पाऊण तास, आणि त्यातही गोम आहे. मॅक्रो लेन्सने कीटक सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा आणला, तर एफ 8 ला स्पष्ट दिसणारा पट्टा असतो जेमतेम 1 मिलिमीटरचा. डोळा साधावा तर पंख धूसर, पंख साधावेत तर डोळा गेला. छिद्र फारच बारीक केलं तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळंच चित्र मऊ पडतं. मग बांधावर आडवं व्हायचं, कॅमेऱ्याची पाठ चतुराच्या अंगाला समांतर धरायची आणि श्वास सोडून बटण दाबायचं. कपडे धुता येतात.

उन्हं चढली की हौशी मंडळी चतुरामागे धावत सुटतात. लहानपणी त्याच्या शेपटीला दोरा बांधायला गेलेल्या कुणालाही विचारा, मागून येणारा हातही त्याला दिसतो. पण अनेक चतुरांची बैठक ठरलेली असते. उडाला, माशी पकडली, की परत त्याच काडीवर. तेव्हा काडीवर फोकस लावून गप्प बसावं. भर दुपारी काही जाती शेपूट सूर्याकडे उभी करून चक्क शीर्षासन करतात, अंगावर कमी ऊन पडावं म्हणून.

ओढ्यावरच्या खंड्याचंही तेच. त्याची फांदी ओळखा, आडोसा करून बसा, शटर 1/2000 ला ठेवा. इंग्लंडच्या कीर्टन बंधूंनी 1900 च्या सुमारास पक्ष्यांना फसवायला पोकळ बैल बनवला होता आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसत. आपल्याला झुडूप पुरतं. घरट्यापाशी मात्र आडोसाही नको. माणसाच्या भीतीने आई-बाप लांब राहिले तर पिल्लं उपाशी राहतात.

काही जण कीटक फ्रीजमध्ये गारठवून पानावर मांडतात, वर पाणी फवारून दव करतात. ते फोटो मला बघवत नाहीत.

एक विनंती. मनासारखा फोटो मिळाला की बाजूने एक साधा फोटोही घ्या, शेपटीचं टोक नीट दिसेल असा. अनेक चतुर आणि त्यांचे सडपातळ भाऊबंद असलेल्या टाचण्यांची जात नराच्या त्या टोकावरच्या चिमट्यांवरून ठरते. सोबत तारीख आणि गावाचं नाव लिहून ठेवा.